एक ओळ मागे

ऐक ना, आधी तो फोन पालथा ठेव आणि नुसतं ऐक. मधे मधे "मग?" पण म्हणू नकोस, मी सांगतेच आहे.

एक कंपनी आहे. आपण फोनवर जी अ‍ॅप वापरतो ना, ती बनवणाऱ्या लोकांना लागणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते. दर वर्षी त्या सगळ्या डेव्हलपर लोकांना एका मोठ्या हॉलमध्ये बोलावते, स्टेजवर नवीन काय केलंय ते करून दाखवते, टाळ्या, चहा, टी-शर्ट, झालं. तीन दिवसांची कॉन्फरन्स. यंदाची पंधरावी. तर साहेबांच्या डोक्यात आलं, पंधरा वर्षांचा इतिहास दाखवणारी एक फिल्म करू आणि पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी तीच लावू. आणि ते काम दिलं वहिनीला.

आता वहिनी कुणाची, तर खरं म्हणजे एकाच बाईची. तिच्या धाकट्या जावेची. दोघी एकाच कंपनीत. धाकटी पहिल्या दिवसापासून ऑफिसात "वहिनी, प्रिंटर कुठाय? वहिनी, हे कसं करायचं?" करत मागे मागे फिरायची, म्हणून मग रिसेप्शनपासून साहेबांच्या केबिनपर्यंत सगळेच वहिनी म्हणायला लागले. साहेब पन्नाशी उलटलेले, तेसुद्धा.

आणि धाकटीला कंपनीत आणलं कुणी? वहिनीनंच. तिचा अर्ज स्वतःच्या हातानं साहेबांच्या टेबलावर ठेवलेला. चौथ्या कॉन्फरन्सच्या आधी. स्वतःच्या पायावर धोंडा, असं ती मनातल्या मनात हजार वेळा म्हणाली असेल.

कारण बघ, वहिनी पहिल्या कॉन्फरन्सपासूनची. पहिली झाली ती एका शाळेच्या व्यायामशाळेत, बेचाळीस माणसं, घडीच्या खुर्च्या, आणि भिंतीवर पांढरी चादर ताणून तिच्यावर प्रोजेक्टर. चादर धरून कोण उभं होतं? वहिनी. दीड तास, हात वर करून. दुसऱ्या वर्षी सगळ्या टी-शर्टांचा साइज एकच आला, तोही लहान मुलांचा, तर ते बॉक्स परत पाठवायला कोण पळालं? तिसऱ्या वर्षी बॅज छापायच्या मशिननं तीनशे लोकांच्या गळ्यात एकाच माणसाचं नाव घातलं, तेव्हा मार्कर घेऊन कोण बसलं होतं? वहिनी, वहिनी, वहिनी. पण फोटोत कुठे आहे का? नाही. एका फोटोत कोपर दिसतं.

पाचव्या वर्षी काय झालं की जो माणूस स्टेजवर डेमो द्यायचा त्याचा आवाज बसला. साहेब वहिनीला म्हणाले, "तुम्हाला सगळं पाठ आहे, तुम्ही जा." आणि ही दोन पावलं मागे सरली गं. म्हणाली, "मला नाही जमायचं. हिला पाठवा." आणि धाकटीच्या पाठीला हात लावून तिला पुढं ढकललं. धाकटी गेली. काय बोलली म्हणतेस. हॉलला वाटलं ही जन्मल्यापासून इथंच उभी आहे. तेव्हापासून धाकटी स्टेजवर आणि वहिनी पडद्यामागे.

आता पडद्यामागे ती काय करायची, हे नीट ऐक, कारण सगळी गंमत इथेच आहे. लाइव्ह डेमो म्हणजे स्टेजवरचा माणूस खरोखर कोड टाइप करतो आणि तो मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसतो. मधेच मशिन बंद पडलं तर अब्रू जाते. म्हणून या कंपनीनं एक पद्धत ठेवली. पडद्यामागे हुबेहूब तसंच दुसरं मशिन, त्याला म्हणायचं सावली. सावलीवर बसलेल्या माणसानं स्टेजवरच्यासारखंच सगळं टाइप करत राहायचं, पण नेहमी एक ओळ मागे. पुढं कधीच जायचं नाही. स्टेजवर काही बिघडलं, की बोलणाऱ्यानं टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून घोट घ्यायचा. तो घोट म्हणजे खूण, पडद्याच्या फटीतून दिसणारी. सावलीनं बटण दाबायचं, मोठ्या स्क्रीनवर सावलीचं मशिन येतं, आणि हॉलमधल्या कुणाला काही कळत नाही. बाईंना तहान लागली, एवढंच.

म्हणजे बघ, दर वर्षी वहिनी सगळा डेमो शब्दन् शब्द टाइप करायची. अंधारात. एक ओळ मागे.

सातव्या वर्षी हॉलमध्ये चार हजार लोक आणि धाकटीचं मशिन मेलं. गप्प. कीबोर्ड दाबतेय, काही नाही. तिनं ग्लास उचलला, घोट घेतला, वहिनीनं बटण दाबलं. पुढची अकरा मिनिटं मोठ्या स्क्रीनवर जे चाललं होतं ते सगळं वहिनीच्या बोटांतनं. धाकटी मेलेल्या कीबोर्डवर नुसती बोटं नाचवत होती आणि गप्पा मारत होती. "नेटवर्कला आज सुट्टी हवी होती, पण मी अर्ज नामंजूर केला," असं काहीतरी म्हणाली. हॉल हसून हसून वेडा. नंतर कुठूनतरी बाहेर फुटलं की मशिन मधेच बंद पडलं होतं आणि तरी ही बाई थांबली नाही. ती क्लिप जी फिरली म्हणतेस. थंड डोक्याची बाई. पोलादाची बाई. सावलीचं नाव कुणी घेतलं नाही, कारण सावली असते हे बाहेर सांगायचंच नसतं ना.

आणि बरं, ऑफिसात संपत नाही हे. दोघी एकाच इमारतीत राहतात, वहिनी दुसऱ्या मजल्यावर, धाकटी तिसऱ्या, आणि सासूबाई वहिनीकडे. सासूबाईंनी ती क्लिप फोनवर घेऊन ठेवली. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला दाखवली. तो बिचारा पान्हा हातात धरून उभा. "ही माझी धाकटी सून," सासूबाई म्हणाल्या. तो म्हणाला, "आणि या?" वहिनी तेव्हा सिंकखाली बादली धरून वाकलेली. सासूबाई म्हणाल्या, "ही थोरली. हीपण तिथंच असते."

हीपण तिथंच असते. वहिनीला ते वाक्य वर्षभर चावत होतं.

त्या वर्षात तिला धाकटीचं काहीच बघवेना. धाकटीचे नवे बूट बघवेनात. धाकटी हसली की वाटे, आपल्यालाच हसली. धाकटी वरून वाटीभर काही घेऊन आली की वाटे, दाखवायला आली. आणि वाईट काय, तर धाकटी खरंच चांगली होती गं. म्हणजे राग यावा असं एक कारण द्यायची नाही मेली.

मग आठवी कॉन्फरन्स. आणि आठव्या वर्षी माती झाली. डेमो मस्त चाललेला, धाकटी रंगात आलेली, आणि एकदम स्क्रीनवर अर्धवट कोड आणि खाली लालभडक एरर. चार हजार लोकांसमोर. मोठ्या स्क्रीनवर अचानक सावलीचं मशिन आलेलं आणि त्यात एक ओळच नव्हती. धाकटीनं स्क्रीनकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि माईकवर म्हणाली, "माफ करा, माझ्या हातून एक ओळ सुटली."

साहेबांनी दोघींना केबिनमध्ये घेतलं. वहिनी म्हणाली, "हिनं ग्लास उचलला म्हणून मी बटण दाबलं. मी खूण बघितली."

साहेब धाकटीला म्हणाले, "काही बिघडलं नसताना ग्लास कशाला उचललास?"

धाकटीनं वहिनीकडे बघितलं. मग म्हणाली, "तहान लागली असेल. उचलला असेन."

नवव्या वर्षी धाकटीला स्टेज नाही. गेटवर उभं राहून बॅज वाटत होती. वहिनीनं त्या वर्षी झोप कशी असते ते अनुभवलं. दहाव्याला साहेबांनी परत बोलावलं धाकटीला, ते वेगळं. पण आठवं वर्ष हे वहिनीचं औषध होतं. जेव्हा जेव्हा पोटात दुखायला लागे, तेव्हा ती मनात म्हणे, काही नाही, हिला खूणसुद्धा नीट पाळता येत नाही.

तर आता फिल्म. साहेब म्हणाले, "एकही वर्ष गाळायचं नाही." आणि वहिनीच्या हातात सगळ्या वर्षांची, सगळ्या कॅमेऱ्यांची मूळ रेकॉर्डिंग दिली. कुणी कधी न बघितलेली. तिच्या डोक्यात पहिल्याच मिनिटाला काय आलं असेल? सातवं वर्ष. पडद्यामागेही एक कॅमेरा असायचा, तपासणीपुरता. त्यात ती होती. काळ्या शर्टात, केस बांधलेले, बोटं चाललेली. तिनं दोन चित्रं शेजारी शेजारी लावली, डावीकडे धाकटी मेलेल्या कीबोर्डवर, उजवीकडे आपण, आणि वर मोठी स्क्रीन, जी उजवीकडच्या बोटांप्रमाणे चालतेय. आंधळ्यालाही कळेल असं. साहेबांना दाखवलं. ते डबा खात होते, खाता खाता म्हणाले, "अरे वा, पडद्यामागचे कलाकार. आता कळू दे लोकांना, हे ठेवाच. आणि आठव्याला ती एरर आली होती ना, तीपण घ्या, लोक हसतील जरा."

वहिनी म्हणाली, "घेते की." आनंदानं म्हणाली गं. आणि जागेवर येऊन आठव्या वर्षाचं रेकॉर्डिंग लावलं.

बाजूच्या कॅमेऱ्याचं. धाकटी, टेबल, टेबलावर ग्लास. ग्लास काठोकाठ भरलेला. वहिनी बघतेय. आता उचलेल. आता उचलेल. एरर आली. ग्लास तिथंच. काठोकाठ. धाकटीचा हात त्याच्या जवळपाससुद्धा गेला नव्हता, दोन्ही हात कीबोर्डवर. वहिनीनं मागे घेऊन परत लावलं. परत लावलं. सात-आठदा तरी बघितलं असेल, जसं काही आठव्यांदा धाकटी उचलेल.

मग तिनं पडद्यामागचा कॅमेरा लावला. त्यात ती स्वतः. आणि तिची बोटं एक ओळ मागे नव्हती. दोन ओळी पुढं होती. धाकटीच्या पुढं. घाईघाईत, तोंडावर एक विचित्र हसू, मधली एक ओळ गाळून ती पुढं पळत होती, आणि मग स्टेजकडे न बघताच तिनं बटण दाबलं. बघितलंच नव्हतं तिनं. खूण बघायला मान वर करावी लागते ना, ती मान वर झालीच नव्हती. तिला फक्त एकदा, एकदाच, स्वतःची ओळ आधी दिसायला हवी होती.

बरं, तिला हे आठवत नव्हतं असं नाही आणि आठवत होतं असंही नाही. सात वर्षं तिनं ग्लास उचललेला डोळ्यांनी बघितला होता. शपथ घेऊन सांगितलं असतं.

आणि धाकटीला माहीत होतं. त्याच क्षणी माहीत होतं, कारण स्वतःचे हात कुठं होते ते तिला माहीत नसणार का? सात वर्षं. सासूबाईंना नाही सांगितलं, नवऱ्याला सांगितलं असेल तर त्यानं कधी दाखवलं नाही, भांडणातसुद्धा नाही काढलं. गेटवर उभी राहून बॅज वाटले.

आता तुला वाटेल वहिनीला रडू आलं, पश्चात्ताप झाला. मलापण तसंच वाटलेलं. पण नाही. तिला आधी काय वाटलं सांगू? तिला वाटलं, म्हणजे यातपण हीच पुढं. बोलण्यात पुढं, दिसण्यात पुढं, आणि आता मनाच्या मोठेपणातपण. हे जर फिल्ममध्ये दाखवलं, तर चार हजार लोक परत कुणासाठी टाळ्या वाजवतील? धाकटीसाठीच. सातव्या वर्षी आपण केलेलं सगळं एका भरलेल्या ग्लासात बुडून जाणार.

म्हणून तिनं आठव्या वर्षाची क्लिप कापली. चौकट लहान केली. टेबल गेलं, ग्लास गेला, नुसता धाकटीचा चेहरा आणि "माझ्या हातून एक ओळ सुटली." बस.

पण ती वहिनी आहे ना, सवय कुठं जाते. तिनं सावलीसाठी दुसरी फिल्म केलीच. त्यात आठवं वर्ष पूर्ण. ग्लास काठोकाठ, शेजारी स्वतःची पळणारी बोटं, ते हसू, सगळं. कापलेली फिल्म मुख्य मशिनवर, खरी सावलीवर, दोन्ही एकदमच चालणार, आणि मधे बटण. सातव्या आणि आठव्या वर्षाच्या मधे दोन्हीत पंधरा सेकंदांचं थांबलेलं चित्र टाकलं, रिकाम्या हॉलचं. ती स्वतःला म्हणाली, ऐनवेळी बघू. टाळ्या पडल्या, मन भरलं, तर दाबू बटण. त्यात काय.

कॉन्फरन्सची सकाळ. हॉल गच्च. धाकटी स्टेजच्या कडेला टेबलापाशी, माईक घेऊन, टेबलावर नेहमीसारखा ग्लास. वहिनी पडद्यामागे, काळा शर्ट. शेजारी लाइटवाला, पंधरा वर्षांचा जुना माणूस. तो म्हणाला, "वहिनी, आत्तापासून बटणावर बोट?"

"सवय आहे."

"फिल्म सुरू व्हायचीय अजून."

फिल्म सुरू झाली. व्यायामशाळा, चादर, लोक हसले. लहान मुलांचे टी-शर्ट, लोक जास्त हसले. मग सातवं वर्ष. दोन चित्रं शेजारी शेजारी. आधी हॉलला कळेचना. मग कुणीतरी मागून "अरे, ती दुसरी बाई टाइप करतेय" असं म्हणालं, आणि शांतता, आणि मग जो आवाज आला गं. वहिनीनं पंधरा वर्षं टाळ्या पडद्याच्या मागून ऐकल्या होत्या. पडदा जाड असतो, आवाज पोत्यातून आल्यासारखा येतो. यावेळी पडदा थरथरत होता.

रिकाम्या हॉलचं चित्र आलं. पंधरा सेकंद. वहिनीचं बोट बटणावर.

आणि धाकटीनं माईक उचलला. फिल्ममध्ये काय आहे हे तिनं आत्ताच पहिल्यांदा बघितलेलं, डोळे भरलेले, आणि ती म्हणाली, "वहिनी, बाहेर या. आज एक ओळ मागे नाही राहायचं."

लाइटवाल्यानं स्वतःच पडदा बाजूला धरला. "जा हो," म्हणाला, "मी लाइट मारतो."

दहा सेकंद असतील राहिले. बटण दाबून जाता आलं असतं. अर्ध्या सेकंदाचं काम. न दाबता थांबता आलं असतं. वहिनीनं बटणावरचं बोट उचललं, दाबलं नाही, आणि बाहेर गेली. अंगावर लाइट पडला, सगळा हॉल उभा राहिला. धाकटीनं तिचा हात घट्ट धरला.

आणि मागे आठवं वर्ष लागलं. वीस फुटी स्क्रीनवर धाकटीचा चेहरा, नुसता चेहरा, "माझ्या हातून एक ओळ सुटली." लोक हसले. साहेबांनी सांगितल्यासारखेच हसले.

धाकटी स्क्रीनकडे बघत होती. हसणाऱ्यांबरोबर हसलीसुद्धा थोडं. मग माईक खाली धरून, ओठ न हलवता म्हणाली, "यात टेबल नव्हतं का, वहिनी?"

धाकटीनं टेबलावरचा ग्लास उचलला. स्वतः नाही प्यायली. वहिनीच्या हातात दिला. "घ्या. घसा कोरडा पडला असेल. साहेब म्हणतायत दोन शब्द बोला." आणि माईक पण दिला.

एका हातात ग्लास, एका हातात माईक. समोर चार हजार लोक गप्प, पहिल्या रांगेत सासूबाई, धाकटीनं पास काढून आणलेल्या, हातात फोन, रेकॉर्डिंग चालू. सासूबाईंचा फोन पहिल्यांदाच वहिनीकडे वळलेला. पडद्यामागे सावलीच्या छोट्या स्क्रीनवर खरं आठवं वर्ष चालू होतं, काठोकाठ ग्लास, पळणारी बोटं, आणि समोर रिकामी खुर्ची. बघणारं कुणी नाही.

वहिनीनं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग माईकवर म्हणाली, "मी फक्त माझं काम केलं." टाळ्या. परत टाळ्या. धाकटीच्यासुद्धा, सगळ्यात जोरात.

घरी जाताना दोघी एकाच गाडीत होत्या. धाकटी खिडकीतून बाहेर बघत होती, आणि रागावलेलीही नव्हती, तेच तर. मधे सासूबाई बसलेल्या, तीच क्लिप परत परत लावत होत्या. "बघ, किती छान बोललीस," वहिनीला म्हणाल्या. आणि वहिनी काय करत होती सांगू? क्लिपमध्ये ती स्वतःकडे बघतच नव्हती. कोपऱ्यात धाकटी दिसत होती टाळ्या वाजवताना, तिच्याकडे बघत होती, आणि मनात म्हणत होती, टाळ्यासुद्धा माझ्यापेक्षा चांगल्या वाजवते.

उद्या ऑफिसात साहेब त्या दोन्ही फिल्म मागणार आहेत, जपून ठेवायला, मुख्य मशिनवरची आणि सावलीवरची. सावलीवरची पुसायला एक बटण लागतं, द्यायला पण एकच. वहिनी त्यावर अजून बसून आहे.

आता तू बोल. त्या पंधरा सेकंदांत, पडदा धरलेला, टाळ्या चालू, धाकटी बोलावतेय, बोट बटणावर... तू काय केलं असतंस?